न उघडलेला डबा

कंटेनरचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं, हे आमच्या ब्रुकलिनच्या रेड हूक या बंदरवस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे. क्लबात पत्ते पिसताना एखादा मुद्दाम काडी टाकतो, "काय दोनातो, डबा आला आणि जग कसं स्वस्त झालं बघ. जपानचा रेडिओ, जर्मनीचं घड्याळ, सगळं आपल्या दाराशी!" आणि मी उठून टेबल उलथतो का ते सगळे बघत बसतात. एकदा उलथलंही होतं. स्वस्त झालं असेल, मी नाही म्हणत नाही. पण एफ्राइन माल्दोनादोची कंबर कशी मोडली आणि ओनोफ्रियो लात्तारुलोंचं नाव कुणी धुळीला मिळवलं, हे ज्याला ठाऊक नाही त्याने मला रेडिओच्या किमती सांगू नयेत.

डबा यायच्या आधी आमची टोळी एकवीस जणांची होती. सगळे इटलीतल्या बारीजवळच्या मोला गावचे, नाहीतर मोलावाल्यांचे जावई. जहाज लागलं की सहा-सात दिवस त्याच्या पोटात हूक घेऊन राबायचं. कॉफीची पोती, कच्ची कातडी, रबराच्या गाठी, ऑलिव्ह तेलाची पिंपं. डोळे बांधून धक्क्यावर सोडलं असतं तरी जहाज कुठून आलंय ते मी नाकाने सांगितलं असतं. माझी बायको दारातच शर्ट हुंगून म्हणायची, "आज कातडी! आधी अंघोळ." पाठ मोडायची, बोटं जायची, कामासाठी मुकादमाच्या पुढेपुढे करावं लागायचं. फार सोन्याचे दिवस होते असं मी म्हणणार नाही. पण आपण काय उचलतोय हे उचलणाऱ्याला ठाऊक असायचं.

मग तो आला. चाळीस फुटी लोखंडी डबा, दाराला सील, आणि कागदावर एकच ओळ, 'सर्व प्रकारचा माल'. क्रेन तीन मिनिटांत एक डबा उतरवते. आम्हाला आठवडा लागायचा ते जहाज एका दिवसात रिकामं व्हायला लागलं. ब्रुकलिनचे निम्मे धक्के ओस पडले. जहाजं पलीकडे न्यू जर्सीत जायला लागली, कारण डबे मांडायला तिकडे मैदानं आहेत. आमची टोळी एकविसावरून बारावर आली.

त्या बारा जणांना काम उरलं ते एका नियमामुळे. युनियनने भांडून पदरात पाडून घेतलेला नियम. ज्या डब्यातला माल बंदरापासून पन्नास मैलांच्या आत कुणाकडे जायचा, तो डबा तसाच बाहेर सोडायचा नाही. धक्क्यावरच्या शेडमध्ये तो उघडायचा, माल बाहेर काढायचा, आमच्या हातांनी पुन्हा नीट लावायचा. माल लावणाऱ्याने कागदावर आपला नंबर टाकला की मगच डबा ट्रकवाल्याच्या ताब्यात. कंपन्यांचा या नियमावर दात होता. भरलेला डबा उपसायचा आणि परत भरायचा, हा कसला खुळेपणा, असं त्यांचे वकील म्हणायचे. खरं सांगायचं तर आम्हालाही तसंच वाटायचं. हळूहळू आमच्याकडे रीत पडली. जुनं सील तोडायचं, दाराला हात न लावता नवं ठोकायचं, नंबर टाकायचा. लगेच डबा सोडला तर दिसायला बरं दिसत नाही, म्हणून अर्धा तास पत्ते खेळायचे आणि मग सोडायचा.

ही रीत न मानणारा टोळीत एकच माणूस होता. ओनोफ्रियो लात्तारुलो, वय अठ्ठावन्न, नंबर अकराशे सत्तेचाळीस. टोळीत माल लावणारे तेच. जड कुठे, हलकं कुठे, कुठे पाचर मारायची, कुठे बोटभर फट ठेवायची, हे त्यांच्या हातांना कळायचं. तेहतीस वर्षांत त्यांनी लावलेलं एक पोतं भर समुद्रात हललं नव्हतं. जहाजाचे कप्तान विचारायचे, "खाली अकराशे सत्तेचाळीस आहे ना? मग मी झोपतो." माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तिला हातांवर त्यांनीच धरलं. तेव्हापासून ते माझे कुम्पा आणि मी त्यांचा. आमच्यात हे नातं भावापेक्षा मोठं मानतात. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांना अहो-जाहो करत आलो, बाकीच्यांना धक्क्यावर आयमायवरून शिव्या घालत असलो तरी.

आमचा मुकादम कोसिमो त्यांच्यावर करवादायचा. "ओनोफ्रियो, वेडा का खुळा तू? बसून मिळतंय तर बस की! हाडं कशाला झिजवतोस?"

"समुद्राने आत काय करून ठेवलंय ते कुणी बघायचं?" ओनोफ्रियो म्हणायचे. "तिकडे कुणीतरी भरला. दोन आठवडे तो हिंदकळला. आता इथून ट्रकवाला तो घेऊन रस्त्यावर जाणार. मधे एक तरी माणूस आत डोकावेल की नाही? तो माणूस आपण."

"वकील म्हणतात नियमच खुळा आहे."

"उघडून बघितलं तर नियम शहाणा आहे. न बघता नंबर टाकला तर आपण चोर."

"झालं, पाद्रीबाबा सुरू झाले," कोसिमो म्हणायचा आणि सगळे हसायचे. पण त्यांचा नंबर कागदावर लागायचा, म्हणून ते असले की डबा उघडावाच लागायचा; ते नसले की दुसऱ्या कुणाच्या नंबरावर तसाच सुटायचा.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात असं ऊन पडलं होतं की शेडचा पत्रा हातांना चटके देत होता. त्या दिवशी ओनोफ्रियोंनी आम्हाला सहा डबे उपसायला लावले. सहाव्यात शिलाई मशीनच्या पेट्या होत्या. मी त्या कशाबशा रचल्या आणि बाहेर आलो. ओनोफ्रियो आत गेले, बुटाचं टोक एका पेटीला लावलं, आणि अख्खी रास डुगडुगली.

"कुम्पा, हे काय लावलंत?" ते म्हणाले. "आजीच्या दातांसारखं हलतंय. काढा सगळं."

टोळी खो खो हसली. कोसिमो तर पोट धरून हसला. मी त्या भट्टीत सगळ्या पेट्या पुन्हा काढल्या, पुन्हा रचल्या, आणि जाताना त्यांचा निरोपसुद्धा घेतला नाही. त्यांचं बरोबर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच जास्त झोंबलं.

पंधरा सप्टेंबरला आमच्या दुःखी मातेची मिरवणूक असते. मोलामध्ये निघते तशीच ब्रुकलिनमध्येही निघते. काळी वस्त्रं ल्यालेली, छातीत खंजीर असलेली मातेची मूर्ती पालखीसारखी खांद्यावरून गल्लीगल्लीतून फिरते. पुढच्या डाव्या दांड्याला ओनोफ्रियो, त्यांच्याआधी त्यांचे वडील. मिरवणुकीला तारीख पाळायची, वार नाही. पंच्याहत्तर साली सोमवार आला. कामाचा दिवस आला की आमच्यात एक जुनी सोय होती. खांदेकरी आपला नंबराचा पितळी बिल्ला सकाळी मित्राकडे देऊन जायचा आणि मित्र त्याची हजेरी लावायचा. मातेला खांदा देणाऱ्याचा खाडा कुणी धरायचा नाही, मुकादमसुद्धा नाही. सगळ्यांना ठाऊक, कुणी बोलायचं नाही.

ओनोफ्रियोंनी बिल्ला माझ्या हातात ठेवला. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले होते. त्या पेट्यांवरून मी रुसलो होतो, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

"कुम्पा, डबे आले तर उद्यावर ठेवा," ते म्हणाले. "माझ्या नंबरावर आज काही जाऊ देऊ नका."

"हो," मी म्हणालो.

अकराच्या सुमारास ब्रेमेनच्या जहाजावरून उतरलेला एक डबा शेडमध्ये आला. घ्यायला आलेला ट्रकवाला पोर्तो रिकोचा होता, तिशीतला. पहाटेपासून रांगेत उभा. आत डोकावून अदबीने म्हणाला, "आज मिळेल का भाऊ? नाहीतर माझा दिवस गेला." तोच एफ्राइन. नाव मला नंतर कळलं.

"लावणारा आज नाही," कोसिमो मला म्हणाला. "उद्यावर टाकायचा का?"

मला आजीचे दात आठवले. हसणारी सगळी थोबाडं आठवली.

"कशाला उद्यावर?" मी म्हणालो. "संतमहाराजांशिवाय डबा जातो की नाही, बघू तरी."

कोसिमोने नवं सील ठोकलं. मी कागद घेतला आणि त्यावर अकराशे सत्तेचाळीस लिहिलं. त्यांचा बिल्ला माझ्या खिशात होता, आणि त्यांनी जे कधीच केलं नव्हतं ते त्यांच्या नंबराने करताना मला मजा वाटली. हो, मजा. खोटं कशाला सांगू? मग आम्ही अर्धा तास पत्ते खेळलो. दोन डाव मी जिंकले. ट्रकवाला बाहेर उन्हात उभा होता.

हॅमिल्टन अव्हेन्यूवरून एक्स्प्रेसवेवर चढायचं वळण तुम्ही घेतलं असेल तर तुम्हाला कळेल. त्या वळणावर डब्यातल्या वजनाने एका अंगाला ओढ घेतली, ट्रक तोललाच नाही, कलंडला, आणि एफ्राइन केबिनमध्ये चेचला गेला. वेग बेताचा होता, असं मागच्या गाडीवाल्याने पोलिसांना सांगितलं. मिरवणूक तेव्हा चर्चकडे परतत होती. अँब्युलन्सला वाट द्यायला खांदेकऱ्यांनी मातेला बाजूला घेतलं आणि ओनोफ्रियोंनी दांडा खांद्यावर असतानाच छातीवर क्रूस केला, असं माझ्या बायकोने मला सांगितलं. कुणासाठी करतोय हे त्यांना काय ठाऊक!

दोन आठवड्यांनी चौकशी लागली. खोलीबाहेरच्या बाकावर कोसिमोने ओनोफ्रियोंना मधे बसवलं.

"नीट ऐक," तो म्हणाला. "मी नव्हतो असं म्हणालास तर विचारतील, मग हजेरी कुणी लावली? नंबर कुणी टाकला? आणि अशा किती डब्यांवर टाकला? वकील हेच दहा वर्षं शोधतायत. नियम गेला, ओनोफ्रियो. बारा घरं गेली."

"कुणी टाकला नंबर?" ओनोफ्रियोंनी विचारलं.

कोसिमोने दाराकडे बघितलं. मी बुटांच्या नाड्या बघत होतो.

आत टेबलामागे चौकशीचे तिघे साहेब बसले होते. बाजूला कंपनीचा वकील, पेन्सिलीचं टोक दातांत धरून. त्यांनी कागद पुढे सरकवला. ओनोफ्रियोंनी चष्मा लावला आणि बराच वेळ त्या चार आकड्यांकडे बघितलं. ते शाळेत गेले ब्रुकलिनमध्ये, त्यांचा सात अमेरिकन, साधा. उरलेल्या बारांत मोलाच्या शाळेत गेलेला, सातच्या पोटात आडवी रेघ मारणारा मी एकटा. मोलाच्या मास्तरांनी छडी मारून शिकवलेली ती रेघ. त्यांनी बघितली. मागच्या बाकावर बसलेल्या माझ्याकडे वळून मात्र बघितलं नाही.

"नंबर माझा," ते म्हणाले.

"माल तुम्ही लावला?"

"मी लावला."

"म्हणजे निष्काळजीपणे लावला," वकील म्हणाला.

ओनोफ्रियोंनी चष्मा काढला, घडी घातली, खिशात ठेवला. "निष्काळजीपणे," ते म्हणाले.

मी उठायला हवं होतं. कोसिमोचा हात माझ्या मांडीवर होता हे खरं, पण कोसिमोचा हात काही क्रेन नव्हता. मी उठलो नाही.

त्यांचा नंबर काढून घेतला आणि हातात झाडू दिला. आठवडाभरात सगळ्या धक्क्यांवर नवी म्हण झाली. दार नीट लागत नाही? अकराशे सत्तेचाळीसने बसवलंय वाटतं. पँट ढिली झाली? अकराशे सत्तेचाळीस! ज्यांनी जन्मात एक पेटी सरळ लावली नव्हती तेही दात काढायचे, आणि ओनोफ्रियो खाली मान घालून झाडत राहायचे. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर तिथेच उभा राहून बघतोय. मला सगळ्यांचा राग यायला लागला. कोसिमोचा, वकिलाचा, त्या लोखंडी डब्याचा. सगळ्यात जास्त ओनोफ्रियोंचा. कुणी सांगितलं होतं संत व्हायला? एकदा माझ्या तोंडात मारली असती, धक्क्यावर सगळ्यांसमोर, तर मी सुटलो असतो.

हेच भांडायला मी एका रविवारी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी मला तोंडच उघडू दिलं नाही. टेबलावर बडीशेपेच्या बिस्किटांची पिशवी बांधून ठेवली होती.

"त्या ट्रकवाल्याला बघायला जातोय," ते म्हणाले. "तुम्हीही चला."

दवाखान्यात एफ्राइनचे दोन्ही पाय वर टांगलेले होते आणि कमरेपासून खाली प्लास्टर. ओनोफ्रियो टोपी हातात घेऊन पलंगापाशी उभे राहिले.

"तो माल लावणारा मीच," ते म्हणाले. "माफी मागायला आलोय."

एफ्राइनने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "या, या. बसा ना. काय आणलंत, बिस्किटं? वा! कमरेत लोखंड घातलंय, सहा स्क्रू. डॉक्टर म्हणतो, ट्रक विसर. बिस्किटं बरी झाली."

ओनोफ्रियोंनी पिशवीची गाठ सोडून ती त्याच्या उशाशी ठेवली.

"एवढं सांगा," एफ्राइन म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "तीन आठवडे सगळ्यांना विचारतोय. पोलिसांना विचारलं. कंपनीचा माणूस सही घ्यायला आला, त्याला विचारलं. आत काय होतं? माझ्या पाठीमागे काय होतं? कागदावर म्हणे सर्व प्रकारचा माल. अरे, माझ्यावर पडलं काय, तेवढं तरी कळू दे मला!"

ओनोफ्रियोंचे ओठ हलले.

"तुम्ही लावलं ना? मग सांगा की. पेट्या होत्या? पिंपं होती? पोती होती?"

तिघा साहेबांसमोर जो माणूस न डगमगता खोटं बोलला होता, तो इथे अडला. मालाबद्दल खोटं त्यांच्या तोंडातून निघेना. पेट्या होत्या एवढं म्हणायचं होतं. नाही म्हणता आलं त्यांना. एफ्राइन त्यांच्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू जे आलं ते मी जन्मात विसरणार नाही.

"तुम्हाला माहीतच नाही," तो म्हणाला. "कुणी उघडलाच नव्हता."

"यांनी नाही," मी म्हणालो. "हे त्या दिवशी धक्क्यावर नव्हतेच. नंबर मी टाकला."

"तर मग काय होतं आत?"

"मलाही माहीत नाही."

"चालते व्हा," एफ्राइन म्हणाला. "दोघेही. बिस्किटं घेऊन."

बाहेर ओनोफ्रियोंनी मला भिंतीशी दाबलं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पण हात अजून धक्क्यावरचेच.

"इथे बोललात? इथे? जिथे बोलायचं तिथे नाड्या मोजत बसलात, आणि इथे त्या पोरासमोर मोकळे झालात! काय मिळालं त्याला?"

"कुम्पा, मी उद्या जाऊन सांगतो. तिथे सांगतो."

"आणि बारा घरं? मी तोंड काळं करून घेतलं ते कशासाठी?"

"आणि तुमचं नाव?"

"तेहतीस वर्षं होतं. पुष्कळ झालं," ते म्हणाले. पण त्यांनी मला सोडलं तेव्हा त्यांचा हात बिल्ला असायचा त्या रिकाम्या खिशाकडे गेला. पुष्कळ झालं नव्हतं. त्या नावाशिवाय त्या माणसाकडे होतं काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकशीच्या कचेरीत गेलो. त्या तिघांतला एक भेटला. मी सांगितलं, नंबर माझ्या हातचा आहे, सात बघा, हवं तर आत्ता लिहून दाखवतो. हजेरी खोटी, मिरवणुकीत पाचशे लोकांनी त्यांना बघितलं, डबा उघडलाच नव्हता. साहेब वैतागला. "निकाल लागलाय. आता कशाला उकरून काढता?"

"बरं, ते राहू द्या. आत काय होतं तेवढं सांगा."

त्याने फाइल चाळली. "सर्व प्रकारचा माल."

"अहो, काय होतं आत?"

त्याने पुन्हा चाळली. फोन केला, दुसरा केला. डबा विमावाल्यांनी उचलून आमच्याच धक्क्याच्या कोपऱ्यात आणून टाकला होता. दार चेपून बसलं होतं. त्याच्या आत काय आहे ते, माणूस मोडून तीन आठवडे झाले तरी, कुणीही बघितलं नव्हतं. कुणाला गरजच पडली नव्हती! माल कुणाचा, विमा किती, नंबर कुणाचा, सगळं झालं, आणि डबा बंदच. मी टेबलावर अशी मूठ आपटली की त्याची दौत उडाली. शेवटी त्यालाही लाज वाटली असावी. दुपारी गॅसने दार कापायचं ठरलं.

कापताना सगळे जमले. साहेब, वकील, टोळी. वकील खुशीत होता. दहा वर्षं शोधत होता तो पुरावा मी त्याच्या घशात घातला होता. कोसिमो माझ्या बुटांपाशी थुंकला आणि म्हणाला, "बारा घरांचा शाप घे." पुढे नियम गेला तो माझ्यामुळे की वकिलांमुळे, यावर क्लबात अजून भांडणं होतात. ओनोफ्रियो झाडू टेकून लांब उभे होते. साहेबाने बोलावलं तेव्हा आले.

दार खाली पडलं. आत अंधारात एका अंगाला लेथ होते, लोखंड कातायची चौदा यंत्रं, एकावर एक चढलेली. दुसऱ्या अंगाला काचेची पूड, गुडघाभर. जर्मनीहून आलेले नाताळच्या झाडाचे रंगीत गोळे. लाल, सोनेरी, निळे, सगळ्यांचा एकच भुगा.

ओनोफ्रियोंनी झाडू भिंतीला लावला आणि आत गेले. लेथखालच्या तुटलेल्या लाकडी पाचरा त्यांनी एकेक उचलून उजेडात धरल्या. तुटलेलं टोक कित्येक दिवस लोखंडाखाली घासून गुळगुळीत झालं होतं. म्हणजे वळणावर नव्हत्या तुटल्या. समुद्रातच तुटल्या होत्या, आणि आमच्या शेडमध्ये डबा आला तेव्हा सगळे लेथ एका अंगालाच पडलेले होते. दार वीतभर उघडलं असतं तरी दिसलं असतं.

साहेबाने खिशातून पितळी बिल्ला काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला आणि न बघता खिशात टाकला. गुडघ्यांवरची काच झटकली. मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"मधोमध ओळीने लावायचे, नव्या पाचरा ठोकायच्या, वर गोळे," ते म्हणाले. "अर्ध्या तासाचं काम होतं. जा. त्या पोराला सांगून ये. आत काय होतं ते सांग, आणि किती वेळ लागला असता तेही सांग."

माझी मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. एकोणीस वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा अरे-तुरे केलं. त्यानंतर अरे नाही की अहो नाही, मरेपर्यंत माझ्याशी बोललेच नाहीत.

मी तसाच दवाखान्यात गेलो. लेथ सांगितले. काचेचे गोळे सांगितले. एफ्राइन छताकडे बघत ऐकत होता.

"गोळे," तो म्हणाला. "नाताळचे."

"हो. आणि सगळं सरळ करायला अर्धा तास लागला असता."

त्याने मान वळवली. "अर्धा तासच मी बाहेर उभा होतो. म्हटलं, आत माणसं उन्हाची राबतायत, घाई नको करायला. हॉर्नसुद्धा वाजवला नाही मी. काय करत होता तुम्ही?"

"पत्ते खेळत होतो," मी म्हणालो.

हाताशी पाण्याचा ग्लास होता. तो त्याने फेकला. माझ्या भुवईवर फुटला. रक्त डोळ्यात आलं, पण मी हललो नाही. त्याच्या हाताशी आणखी काही आहे का ते बघत उभा राहिलो.